गाडी ट्रेलरवर चढेपर्यंत

९ नोव्हेंबर, रविवार. अकोला

संघू अखेर हो म्हणाला.

धाकट्या भावाला अमरावतीच्या दवाखान्यात न्यायचं, एवढीच गोष्ट. पण चाळीस वर्षं सभा जिंकत आलेली मी, एका माणसाच्या सभेत दर रविवारी हरत होते. आज जिंकले.

इथल्या डॉक्टरांनी औषधं थांबवली आणि सांगितलं, आता घरीच ठेवा, आनंदात ठेवा. काय ही भाषा! स्वादुपिंडाचा कर्करोग कठीण असतो, मान्य. पण 'कठीण' हा शब्द ऐकून आमच्या घरात कोणी खाली बसलेलं नाही. आमचा आजा छप्पन साली नागपूरला जाऊन आला, तेव्हा नशीब हा शब्द तिथेच टाकून आला. तो मी आता एका डॉक्टरच्या सांगण्यावरून परत घरात घेणार नाही.

संघूची अट मात्र त्याच्यासारखीच निघाली.

"येतो," तो म्हणाला. "पण गाडी संगं येईन."

"गाडी कायले? दवाखान्यात फिरवशीन का?"

"तुह्या अंगणात उभी राहीन. मले खिडकीतून दिसली पाह्यजे."

गाडी म्हणजे त्याची दोन माणसांची, पिवळी, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्‌स कार. गोव्यातल्या एका लहान कारखान्यात कधीकाळी मोजक्याच बनल्या, त्यातली एक. अंग फायबरचं. त्यानं ती भंगारात निघालेली आणली आणि आयटीआयमध्ये पोरांना शिकवून उरलेला सगळा जन्म तिच्यात घातला. लग्न केलं नाही. शेजारच्या बेबीताई त्याचा स्वयंपाक करतात, त्या म्हणतात, "मास्तरनं लगन केलं ना, त्या पिवळीसंगं." गाडीच्या कागदपत्रांची मुदत केव्हाच संपली आहे, त्यामुळे हायवेवरून चालवत नेता येत नाही. आणि संघूला आता फार वेळ बसवतही नाही. दुसऱ्या कोणाला तो तिच्या स्टिअरिंगला हात लावू देत नाही.

मी म्हटलं, गाड्या उचलून नेणारे ट्रक असतात, एका दिवसाच्या भाड्याचा प्रश्न.

"त्याच्यावर अपघाताच्या गाड्या नेतेत, ताई. लोकं पाह्यतेत अन् म्हणतेत, मेला वाटते कोणी. माही गाडी तशी नाई जाणार. तिचा सोताचा ट्रेलर पाह्यजे. साधा, परवडंन असा. आपण पाहून घेऊ. दोघं जाऊन."

यावर काय बोलणार? स्वाभिमानाचा मुद्दा आहे, आणि स्वाभिमानावर मी आयुष्यभर बोलत आले आहे.

"ट्रेलर आला की निघायचं?" मी विचारलं.

"गाडी त्याच्यावर चढली की निघायचं."

शब्द घेतला आहे. आता बघू.


१२ नोव्हेंबर. अमरावती

वादात उतरण्यापूर्वी विषय वाचायचा, ही माझी जुनी शिस्त. तीन दिवस ट्रेलर वाचते आहे. संघू ऐकेल तर हसेल, पण मला आता यावर अर्धा तास न थांबता बोलता येईल. ट्रेलर मजबूत हवा, पण स्वतः हलका हवा, नाहीतर ओढणारी जीप गाडीऐवजी ट्रेलरच ओढत बसते. भार चाकांच्या थोडा पुढे पडायला हवा. मागे पडला तर ट्रेलर शेपटी हलवतो आणि ओढणाऱ्या गाडीलाच फेकून देतो. आणि संघूच्या गाडीसारख्या बुटक्या गाडीला चढायला लांब फळ्या हव्यात, नाहीतर पोट घासतं.

पुण्यात तयार मिळतात. किंमत ऐकून फोन ठेवला. आपल्या मुलखात ट्रेलर म्हटलं की माणसं ट्रॅक्टरची ट्रॉली दाखवतात. ठीक आहे. ट्रॉली बनवणारे हात ट्रेलरही बनवतील. पुण्याच्या दुकानदाराची भर करण्यापेक्षा आपल्याच कारागिराला काम द्यावं, असं माझं मत आहे, आणि ते आजचं नाही.

आरतीला फोन केला. माझी जुनी विद्यार्थिनी, आता कर्करोगाची डॉक्टर आहे. म्हणाली, "मॅडम, आणा त्यांना, मी बघते. पण त्यांना स्वतःला काय हवं आहे ते विचारलंत का?"

मी म्हटलं, विचारलं, त्याला ट्रेलर हवा आहे.

ती गप्पच झाली. आजकालची मुलं फोनवर मध्येच गप्प होतात, समोरच्याला वाटतं लाइन तुटली.


१६ नोव्हेंबर, रविवार. अकोला

आज गाडीचं वजन केलं. कागदावर एक आकडा आहे, पण संघूनं इतके भाग बदलले आहेत की तो म्हणतो, त्या आकड्यावर भरोसा नाही. अंदाजावर ट्रेलर बनवायचा नाही, यावर आमचं दोघांचं एकमत. जवळच्या जिनिंगच्या काट्यावर न्यायचं ठरलं.

तेवढं अंतर संघूनं स्वतः चालवली. आम्ही मागून ललितच्या बोलेरोत. ललित म्हणजे संघूचा आयटीआयचा जुना विद्यार्थी. आता चाळिशीचा झाला आहे, स्वतःचं गॅरेज आहे, तरी सरांसमोर अजून खुर्चीवर बसत नाही. ट्रेलर ओढायचा आहे तोही याच बोलेरोला.

कापसाचा हंगाम. काट्यापुढे ट्रॉल्यांची रांग, आणि त्या रांगेत ही पिवळी चिमणी. शेतकरी खाली उतरून बघायला आले.

"मास्तर, हिच्यात किती क्विंटल मावते?"

"एकच बोंड मावते, काका. अन् ते मी हावो," संघू म्हणाला. रांग हसली.

आधी संघूसकट वजन झालं, मग तो उतरला आणि पुन्हा झालं. दोन्ही आकड्यांत फरक चाळीस किलोंचा.

मी काटेवाल्याला सांगितलं, तुमचा काटा चुकीचा आहे. माझा भाऊ अंगानं चांगला सत्तरचा आहे. आजारात थोडा उतरला असेल. पण प्रौढ पुरुष चाळीस किलोचा नसतो. तो म्हणाला, बाई, सरकारी शिक्का आहे काट्याला. मी म्हटलं, शिक्का पाहून गप्प बसणाऱ्यांपैकी मी नाही, पुन्हा करा. पुन्हा केलं. तेच. मी म्हटलं, लेखी तक्रार करीन. मागून एक म्हातारा ओरडला, "बाई, कापसाचं वजन कमी भरते तवा आमी बी असंच म्हणतो!"

संघू गाडीला टेकून हसत होता. हसता हसता खोकला आला, मग खाली बसला.

"ताई, काट्यासंगं भांडू नोको," म्हणाला. "काटा तुह्या सभेले येत नाई."

काटा चुकीचाच आहे. ट्रेलरच्या हिशेबासाठी मी गाडीचा आकडा थोडा वाढवूनच धरते. कमी धरून चालत नाही.


१८ नोव्हेंबर. अमरावती

बेबीताईंचा फोन. मास्तर चार चमचे पेज खातात आणि ताट सरकवतात म्हणाल्या. मला वाटतं त्याला त्यांच्या हातचं आवडत नसावं. इकडे आला की मी करीन. आमच्या आईसारखी अंबाडीची भाजी मला जमते.


२३ नोव्हेंबर, रविवार. अकोला

अकोटला जाऊन आलो. देवमन म्हणून एक ट्रॉली बनवणारा आहे. रस्त्याच्या कडेला मोठं शेड, दहा-बारा ट्रॉल्या उभ्या. माणूस बोलायला एक नंबर.

"मॅडम, टेंशन घेऊ नोका. माही ट्रॉली एकदा नाल्यात पालथी झाली. ट्रॅक्टर भंगारात गेला, ट्रॉली अजून कापूस वाहून राहिली."

मी त्याला समजावून सांगितलं की आपल्याला हलकं हवं आहे. श्रमाची प्रतिष्ठा, नवीन वस्तू घडवण्याची संधी, आपल्या भागात असं काम कोणी केलं नाही, हेही सांगितलं. शेडमधले चार-पाच जण काम थांबवून ऐकत होते. देवमन म्हणाला, "समजलं मॅडम, एकदम समजलं."

संघूनं जमिनीवर खडूनं पूर्ण ट्रेलर काढला. गुडघ्यावर बसून, कोपरापर्यंत हात पांढरे. चाकं इथं, कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, इथं, दोन फळ्या मागं अशा सरकवून ठेवायच्या. शिकवताना त्याचा आवाज बदलतो. मी त्याला वर्गात कधी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.

येताना त्यानं ललितला गाडी बाजूला घ्यायला लावली. संत्र्यांचा ढीग लावून एक बाई बसली होती. संघूनं संत्रं सोललं, दोन फोडी खाल्ल्या, बाकीचं हातात धरून बसला. ऊन चांगलं होतं.

"ताई, आठोते? आपण दोघं असं कधी फिरलोच नाई."

"तुले गाडीपासून फुरसत नोती, मले सभेपासून."

"हो ना वं. ट्रेलरचं काम बरं निघालं."

माणसाला काम हवं. काम हेच औषध आहे, हे मी डॉक्टरांना सांगणार आहे. एवढ्या दिवसांत आज तो पहिल्यांदा इतका वेळ बसला.


३० नोव्हेंबर, रविवार. अकोला

देवमनचा ट्रेलर पाहिला. माझंच चुकलं, की देवमनचं, की या मातीचं, कळत नाही.

त्यानं ट्रॉली बनवली आहे. सुंदर, लालभडक, दोन्ही बाजूंनी कापूस सांडू नये म्हणून उंच पत्रे, खाली रेल्वेच्या रुळासारखी चौकट. गाडीपेक्षा ती स्वतःच जड. बोलेरोला ती रिकामीच ओढताना घाम फुटेल.

"देवमन, हलकं म्हटलं होतं."

"हलकं बनवलंच होतं मॅडम. मंग रात्री झोप नाई लागली. म्हटलं, मॅडमचा भाऊ आहे, बिमार माणूस, गाडी पडली-झडली तं? म्हणून दोन पट्ट्या आडव्या टाकल्या. मंग वाटलं, पट्ट्या टाकल्या तं खालून आधार पाह्यजे."

रागवायचं कसं? हंगामात ती ट्रॉली तो उद्याच विकेल, त्याचं काही अडत नाही. पण आमचा आठवडा गेला. आरतीनं विचारलं होतं, कधी आणताय.

वरून देवमननं विचारलं, नारळ आणला का? नवीन ट्रॉलीपुढे नारळ फोडायचा असतो म्हणे. मी सांगितलं, आम्ही फोडत नाही. लोखंड वेल्डिंगनं धरतं, नारळानं नाही. अंधश्रद्धेवर मी थोडं बोलले. देवमननं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, नारळ ट्रॉलीसाठी नसतेच. शेडमधल्या लोकायले खोबरं खायाले भेटते म्हणून असते." कुठूनतरी त्यानंच नारळ आणला आणि फोडला. संघू हात पुढे करून म्हणाला, "आण रे इकडे. ताईचं भाषण झालं, आता परसाद पाह्यजे."

त्यानं तुकडा चावला, मग तोंडाशी रुमाल नेला. खवट निघाला असावा. माझा तर चांगला होता.

ट्रॉली नाकारताना मात्र त्याच्या चेहऱ्यावर दुःख असं दिसलं नाही. "पाहू दुसरीकडे," म्हणाला, आणि परत येताना झोपला.


६ डिसेंबर, शनिवार. अमरावती

महापरिनिर्वाण दिन. बडनेऱ्याला बोलले. यंदा जाणार नव्हते, पण संघूनंच फोनवर हाकललं. "तू नाई बोलली तं लोकायले वाटंन, म्हातारी झाली."

लढ्यावर बोलले. शेवटच्या माणसानं शेवटच्या श्वासापर्यंत हात खाली करायचा नाही, असं वाक्य निघालं तेव्हा मैदान उठून उभं राहिलं. मलाही वाटलं, हे वाक्य रेकॉर्ड करून संघूला पाठवावं. पाठवलं. त्यानं उत्तरात अंगठा पाठवला.

सभेनंतर नत्थुजी भेटले. मंडपवाले. माझ्या निम्म्या भाषणांना मांडव त्यांचा, माइक त्यांचा. त्यांच्याकडे जनरेटर वाहायचा एक जुना ट्रेलर पडून आहे. जीपच्या मागे लागणारा, हलका. आता जनरेटर ते टेम्पोतच ठेवतात. "घेऊन जा मॅडम," म्हणाले, "तुमच्या आवाजाले माझा जनरेटर कधी पुरला नाई, ट्रेलर तरी कामी येऊ द्या." मी म्हटलं, फुकट नको, रास्त किंमत सांगा. सांगितली. परवडते.

मला तर तो बघताक्षणी पटला. रुंदी बरोबर. चौकट बरोबर. वाट मिळाली.


१० डिसेंबर. अमरावती

संघूला फोटो पाठवले. तेव्हापासून रोज त्याचे चार फोन.

चाकं लहान आहेत, खड्ड्यात बसतील. नत्थुजींकडून मोठी बसवून घेतली. कमानपाटे जनरेटरच्या वजनाचे आहेत, हलकी गाडी उडेल. दोन पट्ट्या काढून घेतल्या. मागचे दिवे नाहीत. लावले. फळ्या नाहीत. मी स्वतः टेप घेऊन गेले, दोन लांब फळ्या बनवून घेतल्या, आणि त्यांचा चढ इतका कमी ठेवला की मांजरही न बिचकता चढेल.

प्रत्येक गोष्ट झाली की तो म्हणतो, "अरे वा," आणि मग थोडा थांबतो, आणि मग दुसरी निघते. किती बारीक लक्ष आहे! मेंदू अजून तसाच धारदार आहे. आरतीला हे सांगितलं. तिनं विचारलं, "वेदना किती आहेत? रात्री झोपतात का?" मी म्हटलं, तो काही बोलत नाही, म्हणजे फार नसाव्यात.


१४ डिसेंबर, रविवार. अकोला

भांडले. लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

नत्थुजींचा ट्रेलर पूर्ण तयार आहे. फोटो दाखवले तर हा म्हणतो, चाकांची जागा वीतभर मागे घ्यावी लागेल. म्हणजे सगळं कापून पुन्हा जोडायचं. आणखी एक आठवडा. आरतीनं बावीस तारखेची खाट धरून ठेवली आहे, ती कोणासाठी?

मी ओरडले. म्हटलं, तू इंजिनिअर नाहीस, इन्स्ट्रक्टर आहेस, ट्रेलर चंद्रावर न्यायचा नाही, अमरावतीला न्यायचा आहे. लोक चटईवर निजून दवाखान्यात जातात आणि तुला गाडीला पालखी हवी. बेबीताई दारात आल्या आणि तशाच मागे गेल्या.

तो पलंगावर भिंतीला टेकून होता. सगळं ऐकलं. मग म्हणाला, "झालं? पाणी पे."

पाणी प्याले.

"तू ओरडली का मले लहानपण आठोते," तो म्हणाला. "आई कामावर जाये, अन् तू मले शाळेत ओढत ने. मी दाराची चौकट धरून बसो. तू एक एक बोट सोडवत."

"अन् शाळेत जाऊनच माणूस झाला ना?"

"झालो ना, ताई. मी कुठं नाई म्हणून राहिलो."

मग तोच म्हणाला, चाकांचं राहू दे, आहे तसा आण. मी जिंकले. येत्या रविवारी ललित आणि मी ट्रेलर इकडे आणू, गाडी चढवू, आणि सोमवारी पहाटे निघू.

बेबीताई जाताना मला म्हणाल्या, "मॅडम, मास्तरले सकाळचं ऊन आंगणात लागते. तुमच्याकडे ऊन कोण्या बाजूनं येते?" मी म्हटलं, दवाखान्यात सगळीकडे दिवे असतात.


२१ डिसेंबर, रविवार. अकोला

सकाळी अमरावतीहून ट्रेलर जोडून निघालो. चाळीस वर्षं या रस्त्यानं सभांना गेले आहे, पण आजच्यासारखं मागे वळून वळून कधी बघितलं नव्हतं. ट्रेलरनं एकदाही शेपटी हलवली नाही. मूर्तिजापूरला ललित चहाला थांबला, तर चार माणसं ट्रेलरभोवती जमली. मी त्यांना भार चाकांच्या पुढे का पडायला हवा ते सांगितलं.

संघू अंगणात खुर्चीवर होता. अंगात वर्कशॉपचा खाकी कोट. बेबीताईंनी तो घातलेला दिसत होता, कारण बटणं चुकीच्या काजात होती. गाडी धुऊन पुसून उभी. ती कोणी धुतली विचारलं, तर ललितकडे बोट दाखवलं. "मी हात नाई लावला. मी फक्त हे राह्यलं, ते राह्यलं, म्हणत होतो."

मग तो उठला. ट्रेलरच्या कडेला हात धरून एक फेरी मारली. टायर दाबून पाहिले. कमानपाट्यांवर हात ठेवला. जोड हलवून पाहिला, साखळी ओढून पाहिली. ललितला दिवे लावायला सांगितले, लाल, पिवळे, सगळे. फळ्यांवर चपलेसकट एक पाय ठेवून त्यानं भार दिला. परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं.

फेरी संपली तेव्हा तो मागच्या टोकाला उभा होता. माझ्याकडे पाहिलं.

"काईच खोट नाई, ताई."

मला वाटलं होतं मी टाळी वाजवीन.

ललितनं फळ्या लावल्या, मधलं अंतर गाडीच्या चाकांशी जुळवलं. संघू गाडीत बसला. बसला म्हणजे ललितनं आणि मी बसवला. ती गाडी जमिनीला इतकी टेकलेली आहे की तिच्यात माणूस उतरतो. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं. छान आवाज. शेजारची पोरं गच्चीवर आली.

ललित ट्रेलरच्या पुढे उभा राहून हातानं बोलवत होता. "येऊ द्या सर. सरळ. येऊ द्या."

गाडी आली नाही.

"सर, येऊ द्या."

इंजिन चालू. संघूचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. तो समोर फळ्यांकडे बघत होता. मी जवळ गेले, वाकले. तिच्या खिडकीशी बोलायचं तर गुडघेच टेकावे लागतात.

"काय झालं, संघू?"

"क्लच दबून नाई राहिला, ताई."

"थांब. ललितले सांगते."

"हो."

मी वाकलेलीच होते म्हणून खाली पाहिलं. त्याचा डावा पाय क्लचवर नव्हता. बाजूला, गाडीच्या तळावर, सपाट ठेवला होता. चप्पल नीट, टाच टेकलेली. तो पाय तिथं कुठल्याही कामासाठी ठेवलेला नव्हता. मी पाहिलं हे त्यानं पाहिलं. पाय हलवला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. फक्त स्टिअरिंगवरची बोटं घट्ट झाली.

ललित जवळ आला. "सर, तुम्ही उतरा. मी चढवतो. दोन मिनिटांचं काम."

मी उभी राहिले आणि म्हटलं, "हा ट्रेलर चालणार नाही."

"कावून मॅडम?"

"फळ्या आखूड आहेत. पोट घासेल गाडीचं."

ललितनं फळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्हीच तर मोजून बनवल्या. घासायचा प्रश्नच नाई. हे पाहा, मी झोपून दाखवतो खाली."

"आखूड आहेत म्हटलं ना!"

हा माझा सभेतला आवाज होता. गच्चीवरची पोरं आत पळाली. पुराव्याशिवाय मी आयुष्यात वाक्य बोललेले नाही. मी का बोलले ते मला आत्ताही सांगता येणार नाही. ललित ज्या फळीला हात लावून उभा होता, ती लांब होती, मला दिसत होती.

आतून संघूनं इंजिन बंद केलं.

"बरोबर हाये, ललित," तो म्हणाला. वर्गातला आवाज. "आखूड हायेत फळ्या. मॅडमचं माप बरोबर हाये. ट्रेलर वापस घेऊन जाय."

ललितला मी आजवर रडताना पाहिलं नाही, आजही पाहिलं नाही. तो जोड पुन्हा पुन्हा तपासत बसला, इतका वेळ की त्यात तपासण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मग ट्रेलर घेऊन गेला.

संघूला गाडीतून काढायला मी आणि बेबीताई. काढताना कळलं की बळ लावायची गरजच नाही. त्याचं सगळं अंग माझ्या एका हातावर आलं, आणि दुसऱ्या हातानं मी गाडीचं दार लावू शकले.

पलंगावर टेकल्यावर म्हणाला, "शेगाव रोडले एक जण हाये म्हणते. लहान ट्रेलर बनवते."

"असं का?"

"पाहून येऊ काय, दोघं? तुले टाइम असन तं."

"आहे ना," मी म्हटलं. "टाइमच टाइम आहे."


२२ डिसेंबर. अकोला

आरतीचा फोन आला. मी म्हटलं, खाट दुसऱ्याला दे. ती गप्प झाली, आणि या वेळी मीही गप्पच राहिले. मग तिनं दुखणं कमी करणारी औषधं सांगितली, कशी द्यायची, किती वेळानं द्यायची. ललित जाऊन घेऊन आला. जिल्ह्यातल्या दोन सभा होत्या, त्यांना कळवलं की येत नाही. कारण विचारलं तर भावाच्या गाडीला ट्रेलर बघायचा आहे, असं सांगितलं. समोरचा माणूस म्हणाला, ताई, थट्टा करून राहिल्या काय.

बेबीताईंनी पलंग खिडकीजवळ सरकवला. ऊन त्याच्या पायांवर येतं, तासाभरात छातीपर्यंत सरकतं.


२४ डिसेंबर. अकोला

काल जायचं ठरलं होतं, संघूला उठवेना. आज जाऊ म्हणाला. सकाळी मी त्याचा खाकी कोट झटकून खुर्चीवर टाकला, बटणं बघून ठेवली. ललित बोलेरो घेऊन नऊपासून दारात उभा आहे, आत यायला सांगितलं तर येत नाही. बेबीताईंनी वाटेत खायला शिरा करून डब्यात भरला.

मधे एकदा त्यानं डोळे उघडले. "त्याले सांगजो, हलका पाह्यजे," म्हणाला.

"सांगते."

"तूच बोलजो. तुह्यं ऐकतेत लोकं."

मग पुन्हा झोपला. आता ऊन पलंगावरून उतरून भिंतीवर गेलं आहे. त्याचा हात माझ्या हातात आहे म्हणून डाव्या हातानं लिहिते आहे, अक्षर वाकडं येतं. उठवत नाही. शेगाव रोड कुठे पळून जात नाही.